गोमाकाकांची दोरी

गोमाकाका गेल्याचं मला वाशिंद स्टेशनावर कळलं. हातात पत्रकांचा गठ्ठा होता. आमच्या गावचा दूधवाला कासंड्या उतरवत म्हणाला, "तुझा नावाडी बुडाला रे. ज्याच्यावर तू लिवलंस, तो." मी उरलेली पत्रकं वाटून संपवली आणि मगच घरी निघालो... हेही सांगितलं पाहिजे.

शहापूरकडे धरण बांधून तळं झालं तेव्हा काकांचं गाव त्याखाली गेलं. लोकांनी वासे, कौलं, जाती, उखळंसुद्धा वर आणली. वाघदेव तेवढा आणला नाही. तो शिवेचा देव. त्याला हलवला तर शीव हलते आणि मग गाव आपलं राहत नाही, अशी समजूत. म्हणून माणसं उठली आणि देव पाण्यात राहिला. पुढे मुंबईच्या एका शेटनं काठावर बाग केली. झोपाळे, बँडसाठी चौथरा, रंगवलेल्या होड्या. काका त्यांतल्याच एका होडीतून पाहुण्यांना आपल्या घरादारावरून फिरवत.

तिथे एक खेळ चाले. पाहुणे फराळाचा चमचा पाण्यात टाकत आणि काका बुडी मारून तो वर आणत. कमरेला दोरी, दुसरं टोक होडीतल्या जोडीदाराच्या हातात. एकदा काकांना पुरता दम घेऊ न देता एकानं चमचा पुन्हा फेकला. "आमच्या कुत्र्यापेक्षा चलाख आहे म्हातारा," तो म्हणाला आणि होडी हसली. मी काठावर मुठी आवळून उभा होतो. काका मात्र केस निपटत मला म्हणाले, "चमचा त्यांचा, पन बुडी माजी हाय. दिवाळीतल्या वाघबारशीला ह्याच दोरीवर नारळ घेऊन जातो मी खाली. देवाला दुसरा कोन हाय रे?"

मी ते ऐकलं, मनात त्याला अंधश्रद्धा म्हटलं आणि पत्रकातून वगळलं. बाकी सारं लिहिलं, धारदार लिहिलं. ते मुंबईत पोचलं, शेटची छी-थू झाली. बागेत बुडी बंद झाली, होड्यांना साखळदंड आले. पाहुण्यांबरोबर व्यवस्थापकाचा माणूस असेल तेव्हाच होडी सुटे. काकांची दोरी घरी पाठवून देण्यात आली. आम्ही सापगावात विजयाची सभा घेतली. काका मागे बसले होते. सभा उठल्यावर जवळ आले. "वाघबारशीपुरती एक होडी सोडाया सांग ना त्यांना. तुजा ऐकतात ते."

"शेटपुढे आपण हात पसरायचे नाहीत, काका," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. घराकडे निघाले.

वाघबारशीला भर दुपारी ते काठावरून एकटेच पोहत गेले. दोरी होती, पण ती धरायला वर कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी सापडले, बुडालेल्या आंब्याच्या फांद्यांत धोतर अडकलेलं. नारळ त्यांच्यापाशी नव्हता. म्हणजे खाली जाताना नव्हे, देवाला नारळ ठेवून परतताना गेले. दिवाळीची बाग भरलेली होती. प्रेत काढेपर्यंत होड्या थांबवल्या आणि मग सोडल्या.

त्या पत्रकातला एकही शब्द खोटा नव्हता. आजही नाही. शेटला मी सोडणार नाही. पण ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, आणि ती मी तत्त्वाच्या नावाखाली नाकारली.

काकांचं दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या घरी गेलो. काकीनं कुडाच्या फटीतून घडी केलेलं पत्रक काढलं. काका ते कुणालाही हात लावू देत नसत, म्हणाली. "आमाला वाचता येत नाय. तू वाच." मी वाचलं. पिळवणूक, मस्तवाल धनिक, गरीब नावाडी... माझा आवाज मलाच नकोसा झाला. काकी शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"ह्यात त्यांचा नाव कुटं हाय?"

मी पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिलं, जणू सापडणार होतं. काकीनं कागद माझ्या हातातून घेतला, होता तसा घडी करून फटीत खोचला. खाली मेढीच्या खांबाला दोरी टांगलेली होती, कमरेच्या मापाचा फास अजून तसाच.