खोक्यात भरलेली चेनसॉ

पेट्रोलचा वास आला की मले ती दुपार आठवते. आमची संत्र्याची झाडं वाळली, कापून लाकूड विकलं, मंग चेनसॉ अकोल्याच्या एकाले द्यायची ठरली. पाठवायसाठी मी अन् बायको तिले लाकडी खोक्यात भरून राहिलो होतो. मी चेन काढली. तिनं चेनच्या दातांवर जुनं लुगडं गुंडाळलं अन् संत्र्याच्या पेटीत दाबतात तसं चहूकडून तणस दाबलं. "टाकी रिकामी केली का? गाडीले आग लावसान." "केली ना बाई!" "मंग उलटी करून दाखवा." उलटी केली तर चूळभर पेट्रोल सांडलं. ती लय हसली अन् मंग तिनंच झाकणावर खिळे ठोकले. संध्याकाळी चुलीपुढं बसल्या बसल्या छातीत कळ आली अन् ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी लोक म्हणाले, "सरणाचं लाकूड घरच्यानं तोडू नये, आमी आणतो." मी ऐकलं नाही. तिनं ठोकलेले खिळे उपटले, चेन चढवली, टाकी भरली अन् बांधावरची वाळकी बाभूळ मीच पाडली.