रानमुगाच्या गाठी

चार माणसं एका लॅबमध्ये राबायला लागली की किस्से आपोआप साठतात, मुद्दाम कुणी जमवत नाही. आमची लॅब सांगलीच्या एका कॉलेजातली. रानातल्या कडधान्यांची मुळं उकरायची, त्यांवरच्या गाठी आणायच्या आणि त्या गाठींतले जिवाणू वाढवायचे, हे आमचं काम. हवेतला नत्र झाडाला पोचवणारे हे बिनपगारी नोकर!

शीतल माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. मिरजेच्या एसटीत तिच्या पिशवीतून मुळं डोकावताना बघून शेजारच्या मावशींनी तिला वैदू समजून गुडघा पुढे केला. मिरजेत एवढी हॉस्पिटलं, आणि गुडघा आमच्या वाट्याला!

कवठे महांकाळला एका बांधावरच्या रानमुगात तिला फार चिवट जिवाणू मिळाला. सगळा प्रबंध त्याच्यावरच उभा. आणखी गाठी न्यायला येतोय, असा शेताच्या मालकांना, तात्यांना, फोन केला. पोचलो तर बांधावर काडी नाही.

तात्या कौतुकानं म्हणाले, "पाव्हणं येणार म्हटल्यावर तण कसं ठिवायचं?"

आम्ही पोहे खाल्ले आणि तिथली माती घेऊन परतलो. त्या मातीतून तो जिवाणू पुन्हा काही मिळाला नाही. उरला तो फक्त लॅबमधल्या नळीत.

शीतलचं घर जैन. जमिनीखालच्या कंदात असंख्य जीव असतात म्हणून आजी कांदा-बटाट्याला शिवत नाहीत. नात भर चातुर्मासात मुळं उपटते, गाठी ठेचते, हे कळल्यावर त्यांनी बोलणंच सोडलं. शीतलला ते फार लागलं. शेवटी तिनं त्यांना लॅबमध्ये आणून मायक्रोस्कोपखाली गाठीतले जीव दाखवले.

आजी बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमी येगळं काय सांगत हुतो?"

जाताना नळीकडे बघून, हे जीव काय खातात, एवढं मात्र त्यांनी विचारून घेतलं. बोलणं सुरू झालं, पण मुळांचा विषय घरात बंद.

पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी कॉलेजला सुट्टी होती, मी इस्लामपूरला. लॅबचा फ्रीज बंद पडल्याचा शिपायाचा फोन आला. नळीतलं खाद्य आधीच संपत आलेलं, गारवा गेला की उरलंसुरलं ते भराभर फस्त करणार; आजच नवं घातलं नाही तर रानमुगाचा जिवाणू गेला. मी शीतलला कळवलं. ती रडवेली झाली, पण म्हणाली, सर, उद्या बघू. आज आजीबरोबर उपवास आहे, तिला पुन्हा दुखवायचं नाही.

फोन स्पीकरवर असावा. मागून आजींचा आवाज आला.

"उपास तुजा हाय गं, त्यांचा न्हाई. जा, खायाला घालून ये."