बोर्लीपेक्षा जवळचं लंडन

लंडन ते मुंबई सुमारे सात हजार दोनशे किलोमीटर. थेट विमानाने मुंबईला येताना नऊ तास, लंडनला जाताना दहा. मुंबई ते बोर्ली पंचतन दोनशेच्या आत, पण हायवेची कृपा असली तर सहा तास! जायचं मनात असेल तर ही तयारी ठेवूनच निघा. मी यंदा थंडीत लंडनहून गेले ती आईने धाडलं म्हणून. तिचे गुडघे गेलेत, विमानात पाय सुजतात, त्यामुळे सहा वर्षांत तिचं जाणं झालं नाही. आणि बोर्लीची तिची थोरली बहीण, माझी मावशी, हल्ली तिचा फोनच घेत नव्हती. "जा नि बघ, आक्काचं काय बिनसलंय," आई म्हणाली.

पनवेलला लाल एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट, मी तर खूशच! माणगावच्या स्टँडवर गरम वडापाव खाल्ला. म्हसळ्याच्या पुढे वळणं सुरू झाली. लहानपणी इथेच मला हमखास उलटी व्हायची आणि आई तोंडात आवळासुपारी घालायची. या वेळी मी ती विकत घेऊनच बसले होते. सुपारीच्या बागा दिसल्या आणि रडूच आलं, खोटं कशाला बोलू?

मावशी चुलीपाशी पानगी भाजत होती. केळीच्या पानात थापलेलं तांदळाचं पीठ, तो करपट-गोड वास.

"खा. आन् जाशील त्या दिशी आनखी करते, तुझ्या आयसला न्यायला."

"अगं, वाटेत आंबेल ना!"

"आंबतंय कशाला? साडेचार तासांचा तर रस्ता."

"साडेचार? कुणी सांगितलं तुला?"

"तुझी आयसच बोल्ली व्हती जाताना, एकला बसते, साडेपाचला उतरते. आन् उतरल्याचा फोन केलान रात्री अकराला! मुंबईपेक्षा जवळ र्‍हाते नि येत न्हाय. पाय सुजतात म्हने. साडेचार तासांत कुनाचं पाय सुजतात गो?"

मला हसू फुटलं. भिंतीवरचं घड्याळ दाखवून समजावलं, तिथली घड्याळं आपल्या साडेपाच तास मागे असतात. मावशीने बोटांवर तास मोजले.

"म्हंजे धा तास? बसूनच?"

"बसूनच."

"मंग लांबच हाय," ती म्हणाली आणि चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

संध्याकाळी दोघी दिवेआगरच्या किनाऱ्यावर गेलो. आई नि ती इथे शिंपल्या वेचायच्या म्हणे. निघताना तिने पिशवीत आमसुलं नि सुकवलेल्या कैरीची आंबोशी भरली. "ह्ये टिकंल." दिघीहून फेरीबोटीने खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरले, मुरूडवरून मुंबई गाठली. तुम्हीही परतताना हाच रस्ता धरा, खाडी बघता येते.

लंडनला आईने पिशवी उपसली.

"पानगी नाही दिली?"

"टिकली नसती गं."

"टिकणार नाही हे आक्काला कुणी सांगितलं?" माझ्या तोंडाकडे बघून ती समजली. "मला ठाऊक होती तिची चूक. मुद्दाम बोलले नाही. रुसली होती तोवर वाट तरी बघत होती. फोनच घेईना, तेव्हा मात्र घाबरून तुला धाडलं."

तिने आमसुलाचा वास घेतला. मग म्हणाली, "तिकीट बघ माझं. पाय सुजले तर सुजू देत. आणि आक्काला कळव, पानगी तिथेच येऊन खाते म्हणावं."