समोरच्या खिडकीतली क्रोटनं

स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी आम्ही अंधेरीच्या गावठाणात खोली घेतली. समोरच्या खिडकीतल्या बाईचं नाव मी मुद्दामच विचारलं नाही. लाल लुगडं, अंबाड्यात फूल, आणि घरातल्या कुंड्यांत चकचकीत क्रोटनं. माझ्या कुंड्यांतून मात्र चिलटं उठायची आणि थेट ह्यांच्या चहात पडायची.

"तिच्याकडे बघ, एक चिलट नाही," हे म्हणायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मग मी ईर्ष्येने तांदळाचं धुवण आणि चहाचा चोथा कुंड्यांत आणखीच ओतायची. ती नुसतं मातीत बोट खुपसायची, ते लुगड्याला पुसायची आणि बहुतेकदा पाणी न घालताच वळायची. तेही ठुमकत.

एकदा तिनेच हाक मारली, "बाय, कुंडीत रोज पंगत वाढतेस, मग चिलटं येणार नाय तर काय? धुवण बंद कर. वरची माती सुकली की मगच पाणी घाल."

तिचं ऐकणं जिवावर आलं, पण ऐकलं. महिन्याभरात चिलटं गेली.

"आता बघा आपल्या कुंड्या," मी ह्यांना ऐटीत म्हटलं.

"झकास!" हे म्हणाले. चहा स्वच्छ होता. नजर मात्र समोरच्या खिडकीतच होती.