म्हशीच्या गळ्यातला फोन

चिमाबाय समोर उभ्या असलेल्या माणसालाच उत्तर द्यायची. लांबून हाक मारली तर ऐकू येऊनही गप्प बसायची. "काम आसंल तर पुढं यील," म्हणायची. कुरवंड्यात आमची घरं शेजारी. मी तिच्याहून लहान, म्हणून तिचं ऐकून घ्यावं लागे.

तिची मुलगी शालन सोमाटण्याला दिलेली. आई एकटी राहते म्हणून तिने बटणांचा मोबाइल आणून दिला. तो वाजला की चिमाबाय त्यावर टोपली पालथी घालायची.

"आगं, लेक बोलवतीय," मी म्हणायचे.

"तोंड दिसत न्हाई तिच्याशी काय बोलू? सोमाटणं काय काशीला हाय? यष्टीनं यावं."

पावसाळ्यात आमच्याकडे असं धुकं उतरतं की हातातलं दावं दिसतं, पण टोकाची म्हैस दिसत नाही. पुढे खोल कडा. अशाच धुक्यात चिमाबायची एक म्हैस कड्याच्या तोंडाशी उभी होती. आम्ही शेजारून गेलो, कळलंच नाही. मग तिचा पाय घसरला आणि ती दरीत गेली. मागे राहिली मोरी ही एकच म्हैस, तीही गाभण.

"गळ्यात घंटा होती की," मी म्हणाले.

"म्हस चालली तर घंटा वाजती. धुक्यात म्हस भिऊन हुबी ऱ्हाती. मग घंटा बी गप."

दुसऱ्या दिवशी मोरीच्या गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला फोन होता. "ह्यो हुबं राह्यलं तरी वाजतो. तुला आकडे येत्यात, तू वाजव," ती मला म्हणाली. मी चौथी शिकलेली. हसले आणि साऱ्या आळीला सांगून आले. श्रावणात मोरी हरवली. मी माझ्या फोनवरून नंबर लावला, तर करवंदीच्या जाळीमागून फोन वाजला. मोरी तिथेच रवंथ करत उभी होती. तेव्हापासून मी हसणं बंद केलं. चिमाबाय रोज संध्याकाळी मोरीला बांधलं की फोन चार्जिंगला लावू लागली.

शालनने एकदा फोन केला, तर म्हशीचं डोकं घासून बटण दाबलं गेलं आणि फोन उचलला गेला. बराच वेळ तिने आईची खुशाली विचारली. मग तणतणत घरी आली. "आये, फोन तुला दिलता!"

"म्हस हरवती. मी कुटं हरवती?"

पुढे तीही हरवू लागली. घरचीच वाट विसरायची. शालनने मोरी विकली आणि त्याच दोरीने फोन आईच्या गळ्यात बांधला. चिमाबायने काढला नाही.

एका पावसाळ्यात ती विकलेली मोरी आणायला धुक्यात निघून गेली. मी हाका मारल्या. हाकेला ती उत्तर देणार नव्हतीच. मग नंबर लावला. कड्याच्या बाजूने वाजला. थांबला, पुन्हा लावला. आवाजाच्या मागे मागे गेले. कड्याच्या अलीकडे अंजनीचं झाड धरून ती उभी होती. छातीवर फोन वाजत होता.

"उचलायला काय झालतं?" मी ओरडले.

"उचलला आसता तर वाजायचा थांबला आसता. मग तू कुटनं आली आसतीस?"

मी हाताला धरून तिला घरी आणलं.

त्या हिवाळ्यात ती गेली. आपल्या घरात, आपल्या अंथरुणावर.

तिची ती दोरी मी मागून घेतली. तिच्यात आता माझा फोन असतो. धुक्यात मी उचलत नाही म्हणून माझा मुलगा चिडतो. मी जिथे असेन तिथे उभी राहते आणि तो समोर येईपर्यंत वाजू देते.