विजेच्या व्हायोलिनपुढे एक छंदोभंग

कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधील आमच्या घरी रविवारी सकाळी स्तोत्रांचा वर्ग भरतो, असे सांगण्याची मला अजूनही सवय आहे. वस्तुतः वर्ग भरायला जे विद्यार्थी लागतात ते एकेक करून निघून गेले. बँकेतील अधिकाऱ्यांच्या मुलांना बदलीने हैदराबाद लाभले, रेल्वेतल्यांच्या मुलांना नागपूर, आणि ज्यांना कुठेच जायचे नव्हते त्यांना पोहण्याचा तलाव. शेवटी माझ्यासमोरच्या पाटावर एकटी माझी नात उरली. तिचा जन्म कोलकात्याचा. त्यामुळे तिच्या मराठीत स्त्रीलिंग-पुल्लिंगाचा विचार फारसा नसतो. "आजोबा, तुमचा भाजी थंड झाला," असे ती निःशंकपणे म्हणते. परंतु तिचे संस्कृत उच्चार असे की विसर्गानंतरचा श्वासदेखील कानी यावा. ती चुकली तर मी रागावत नाही. फक्त "पुनः" म्हणतो. कृष्णाकाठच्या पाठशाळेत माझे गुरुजी तेवढेच म्हणत, आणि तेवढे पुरत असे.

गेल्या हिवाळ्यात या एकमेव विद्यार्थिनीने राजीनामा दिला. डमडमला तिच्या एका मैत्रिणीच्या घरी, जिथे गाडी ठेवायची तिथे, चार मुली मिळून वाद्ये वाजवतात. माझी नात त्यांत ड्रम बडवते. सरावासाठी चौघींना एकच वेळ मोकळी सापडली होती: रविवारची सकाळ.

"आजोबा, रागवू नका," ती म्हणाली. "स्तोत्र मला पाठ आहेत. आता तिथे जाऊ दे ना."

मी रागावलो नाही. पाठ झाले म्हणजे संपले, असे मानणारे लोक जगात पुष्कळ आहेत आणि त्यांचे चांगले चालले आहे. पण रिकाम्या पाटासमोर बसून कोणाला "पुनः" म्हणायचे, हा प्रश्न माझ्या मनातून जाईना.

उत्तर शेजारच्या घरातून आले. तिथे एक निवृत्त बंगाली अधिकारी राहतात. सकाळी तळ्याभोवती आम्ही दोघे बरोबर फिरतो. माझ्या सोवळ्याला ते मनापासून हसतात. मात्र त्यांच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात जुन्या रेकॉर्डी आहेत, त्यांना हात लावण्यापूर्वी हात धुवावे लागतात, पुसावे लागतात आणि नंतर ते हात त्यांना दाखवावे लागतात. त्यांतील एका रेकॉर्डीचे वेष्टन चौकटीत बसवून भिंतीवर लावलेले आहे, आणि सायंकाळी त्याच्याखाली उदबत्ती जळते. ती डासांसाठी आहे, असे ते सांगतात.

त्या वेष्टनावरचे लोक पन्नासेक वर्षांपूर्वी तरुण होते. जॅझ आणि रॉक या दोन जातींचा विवाह त्यांनी प्रथम लावला, असे शेजाऱ्यांचे मत. त्या विवाहाला भारतीय संगीत भटजी म्हणून बोलावले होते, असे माझे. हाच वाद्यवृंद वृद्धापकाळी पुन्हा एकत्र येऊन कोलकात्यास येणार होता. शेजाऱ्यांकडे तीन तिकिटे होती. माझ्या नातीला जायचे होते. मुलगा कामासाठी बंगळुरूला, सून आजारी आईकडे. आणि घरचे वडील माणूस सोबत असेल तरच परवानगी, असा घरचा नियम. घरात वडील माणूस एकच शिल्लक होते.

"तुम्ही आलात," नात म्हणाली, "तर मी गणपतीपर्यंत दर रविवारी येणार. डमडमला संध्याकाळी एकटीच सरावाला जाणार. पण एक अट. तिथे तोंडातून एक वाईट शब्द नाही."

"आणि मनातून?"

"मन तुमची. पण चेहरा पण सांभाळा. तुमची चेहरा सगळं बोलते."

असा करार झाला. मी दुपारीच संध्या आटोपली, कानांत घालायला कापूस घेतला आणि निघालो.

सभागृहात शिरताच मला जाणवले की मी देवळात आलो आहे. फक्त देव अजून झोपलेला आहे. लोक कुजबुजत होते. व्यासपीठावर गालिचा अंथरायला एक माणूस आला, त्यालाही टाळ्या पडल्या. तो बिचारा दचकून गालिचा तिरपाच टाकून गेला. मग एका विद्वानाने प्रास्ताविक केले. या संगीताला प्रास्ताविकाची गरज नाही, असे सांगण्यासाठी त्यांनी एवढा वेळ घेतला की तेवढ्यात माझे विष्णुसहस्रनाम मनातल्या मनात सुखाने पूर्ण झाले असते. यंत्रातून धूर सुटू लागला. धूप नाही, गुग्गुळ नाही, सुगंधाचा कणही नाही, नुसता धूर. उपचार सगळे होते, दैवत कोणते ते कळत नव्हते.

मग ते आले. वेष्टनावरचे कुरळ्या केसांचे तरुण माझ्या वयाचे झाले होते, हे का कोण जाणे, माझ्या ध्यानात आधी आलेच नव्हते. गिटारवाल्याच्या गळ्यात रुद्राक्ष होते. व्हायोलिनला वीज जोडलेली होती. आणि ड्रम वाजवणारे गृहस्थ बसताना डावा गुडघा हाताने उचलून जागेवर ठेवत होते, अगदी मी पाटावर बसताना ठेवतो तसे. क्षणभर मला त्यांच्याविषयी ममता वाटली. दुसऱ्या क्षणी त्यांनी वादन सुरू केले.

काय ऐकले, ते प्रामाणिकपणे सांगतो. एखाद्या शास्त्रार्थसभेत पाच पंडित एकाच वेळी उभे राहिले, प्रत्येकाचा पक्ष निराळा, आणि प्रत्येकाच्या तोंडाशी ध्वनिवर्धक, असे काहीसे ते होते. गिटार बोलू लागली की तिला इतक्या गोष्टी सांगायच्या असत की एकही ऐकून घ्यायला वेळ मिळू नये. व्हायोलिन तेच उलट क्रमाने म्हणे. मग दोघे मिळून ते फार वेगाने म्हणत, आणि सभागृह उसासा सोडी. वेगालाच प्रज्ञा समजणारे श्रोते मी आमच्या पाठशाळेच्या वार्षिक परीक्षेतही पाहिले आहेत. तिथे निदान ते पालक असत. आजूबाजूचे सद्गृहस्थ डोळे मिटून माना हलवीत होते, प्रत्येकजण निराळ्या ठिकाणी. समेवर मान यावी, एवढी अपेक्षा ठेवावी तर त्यांत सम कुठे आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते. माझे शेजारी रडत होते. नात मात्र रडत नव्हती की डोलतही नव्हती. ती पुढे वाकून त्या वृद्ध ड्रमवाल्याच्या मनगटांकडे पाहत होती. माझ्यासमोर बसून तिने एवढ्या एकाग्रतेने कशाकडे पाहिल्याचे मला आठवेना.

मध्यंतरात शेजाऱ्यांनी डोळे पुसत विचारले, "कैसा लगा, पंडितमोशाई? सच बोलिए।"

नात माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "असे पूर्वी कधीही ऐकले नव्हते."

त्यांनी माझे दोन्ही हात हातांत घेतले. सत्य आणि सौजन्य एकाच वाक्यात मावल्याचा मला थोडा अभिमानही वाटला, आणि तिथेच माझा सावधपणा सैल झाला.

उत्तरार्धात त्यांनी एक संथ चीज सुरू केली. कापसातून ती बरी वाटली, म्हणून मी एका कानातला कापूस काढला. ड्रम आणि एक खर्जातले वाद्य, एवढेच वाजत होते. आणि मला अचानक आधार सापडला. पाच मात्रांची चाल होती: यमाता, यमाता, यमाता, यमाता. हा तर भुजंगप्रयात! आयुष्यभर ज्या वृत्तात मुलांना चालवले, ते इथे धुरातून चालत येत होते. मी मांडीवर बोटांनी मात्रा धरल्या. दोन आवर्तने आनंदात गेली की काय, तोच माझे बोट एका जागी आणि ठोका दुसऱ्या जागी पडू लागला. शेवटच्या यमाताची मात्रा हा मनुष्य गिळत होता! आमच्या शास्त्राने उदार होऊन चरणाच्या शेवटचा ऱ्हस्व दीर्घ मानायला मुभा दिली. इथे धडधाकट दीर्घाचा ऱ्हस्व चालला होता. मी पुन्हा धरले, त्याने पुन्हा गिळली. गुडघा दुखत असेल म्हणून एकदा सोडले. पुन्हा तेच. इतका वेळ धरून ठेवलेला माझा संयम त्या एका मात्रेवर संपला, आणि नेमक्या त्याच क्षणी सर्व वाद्ये एकदम थांबली. त्या निःस्तब्ध शांततेत, वर्गाला सवयीचा असा माझा आवाज सभागृहभर घुमला:

"छंदोभंग!"

सर्व माना वळल्या. नातीने ओढणीने तोंड झाकले. मग व्यासपीठावरच्या रुद्राक्षधारी वृद्धाने माझ्या दिशेने हात जोडले, खोलवर वाकून नमस्कार केला, आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारी गहिवरून म्हणाले, "आहा! क्या पकड़ा आपने! छंद तोड़ना, यही तो इनका साधना है!" मागच्या रांगेतील एका गृहस्थांनी तो शब्द दोनदा पुटपुटून पाहिला. पुढे त्यांनी तो कुठे तरी वापरला असणार.

परतीच्या गाडीत शेजारी पुढे बसून गुणगुणत होते. मागे आम्ही दोघे. आमचे बोलणे मराठीत चालले होते, म्हणून मोकळेपणाने चालले.

"तुम्ही हरलात," नात म्हणाली.

"सर्वांनी ती स्तुती मानली. त्या गृहस्थांनी तर नमस्कार केला."

"सर्वांनी. आणि तुम्ही?"

खोटे बोलण्याचे वय माझे कधीच नव्हते. "निंदाच होती," मी म्हणालो.

"मग रविवारी मी डमडमला." ती माझ्याकडे वळली. "आणि निंदा पण चुकला. काही तुटलं नव्हतं. तो दर वेळी एक कमीच वाजवत होता. दर वेळी, आजोबा. तुम्ही तुमचं मोजत होता, त्याचं नाही."

त्यानंतर चार-पाच दिवस मी तळ्याभोवती फिरताना मांडीवर बोटे ठेवून ती चाल आठवण्याचा प्रयत्न केला. ती सापडेना. शेजारी मला नवा गुरुबंधू मानून रेकॉर्डींची निमंत्रणे देत होते, हात धुण्याच्या अटीसह. त्यांना विचारले असते तर ते पुन्हा रडले असते.

रविवारी मी एकच पाट मांडला. करार मी मोडला होता, तेव्हा दुसरा मांडण्याचा मला अधिकार नव्हता. दिवा लावला, आचमन केले आणि एकट्यानेच आरंभ करणार, तोच नात आत आली. पाठीवर डमडमला न्यायची पिशवी होती. तिने कोपऱ्यातला दुसरा पाट आणला, माझ्यासमोर ठेवला, आणि त्यावर बसण्याऐवजी तो उलटा केला.

"पाट देवाचा आहे," मी म्हणालो.

"देव ऐकणार की. तुम्ही म्हणा. हळू. शेवटचा छोटा करा."

तिने बोटांनी त्या शिसवी पाटावर ठेका धरला. मी म्हणू लागलो: यमाता, यमाता, यमाता, यमात... जीभ अनेक दशकांच्या वळणाने दीर्घाकडे घसरली आणि मी एक मात्रा जास्त देऊन बसलो. ठेका थांबला.

त्या वाद्यवृंदाविषयी माझे मत आजही फारसे बदललेले नाही. धूर अनावश्यक होता, व्हायोलिनला वीज नको होती, आणि टाळ्या गालिच्यालाच अधिक योग्य होत्या. पण त्या सकाळी माझ्यासमोर मांडी घालून बसलेली ती मुलगी न रागावता, माझ्याकडे न पाहता, पाटावर बोटे तशीच तयार ठेवून विसर्गासह म्हणाली:

"पुनः."

मी पुनः आरंभ केला.