अकरा मजल्यांची चढण

हॉलंडमध्ये झूटरमेरला मुलाकडे राहायला आलो तेव्हा हिला जाऊन चार महिने झाले होते. आमच्या अकरा मजली इमारतीत एक डच म्हातारा रोज सकाळी पाठीवर भलीमोठी सॅक घेऊन जिना चढायचा, पुन्हा उतरायचा. मला वाटलं, याला लिफ्ट सापडत नाही. मी त्याची सॅक ओढून लिफ्टमध्ये ठेवली आणि बटण दाबलं. सॅक एकटीच वर गेली. म्हातारा हसत पायरीवर बसला.

मुलगा म्हणाला, "बाबा, ते स्कॉटलंडला आठवडाभर चालणारेत, तळ्याकाठानं, दऱ्याखोऱ्यांतून. इथं डोंगर कुठाय? म्हणून जिना."

कारखान्यात उचललेलं माझं तोडकंमोडकं इंग्रजी म्हाताऱ्याला पुरायचं. हिचा विषय निघाला की आपली माणसं चहाचं विचारून विषय बदलतात. यानं तोंडावर विचारलं, "बायको कशानं गेली?" मी सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. मग डायरी काढून त्यानं लिहिलं, मंगळवार, दहा वाजता, जिना, दोघं.

पहिल्या मंगळवारी मी तिसऱ्या मजल्यावर बसकण मारली. "तीन," तो एवढंच म्हणाला. शाबासकी नाही, कीव नाही. मला बरं वाटलं.

स्कॉटलंडहून आला तो नाक सोललेलं, पायाला फोड. तळी, दऱ्या, चिखल सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "तू?"

"अकरा. एकटा गेलो. वर जाऊन रडलो."

"मीही रडलो, शेवटच्या दिवशी," तो म्हणाला. "वारा फार होता."